एक बहीण असा परिवार आहे

धाराशिव जिल्ह्यात लोक देवीच्या दर्शनाला जातात. मी गेले होते पेपरातल्या एका बातमीतला आकडा तपासायला.

बातमी माझ्या मामाच्या निधनाची होती. मामाला मी कधी पाहिलेलं नव्हतं. आई भूम तालुक्यातली. साठ वर्षांपूर्वी ती लग्न करून जळगावला आली. लग्न जातीबाहेरचं होतं, त्यामुळे ती पुन्हा माहेरी गेली नाही. गेली नाही म्हणजे तिला येऊ दिलं नाही. बाबा त्या भागात विहिरींच्या सर्वेक्षणाच्या कामावर होते, तिथंच दोघांची ओळख झाली. लग्नानंतर दहा वर्षं आई माहेरी पत्रं पाठवत राहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग तिनं लिहिणं सोडलं, पण बोलणं सोडलं नाही, आणि माहेरचं बोलताना तिच्या तोंडात एकच नाव असायचं. कौसा. तिची धाकटी बहीण. आई निघाली तेव्हा ती बारा वर्षांची होती.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि ठरवलं, आता मावशीला शोधायचं. शोधायला बसले तेव्हा कळलं की हातात काहीच नाही. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, गाव बदलतं. वर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून पहिलं नावही काढून घेतात. कौसल्या नावाची मुलगी कुठं दिली, तिचं पुढं नाव काय ठेवलं, हे आईला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. एक अख्खं माणूस एका दुपारी कागदोपत्री नाहीसं झालेलं. पुरुष मात्र जन्मापासून मरेपर्यंत त्याच नावानं, त्याच गावात. म्हणून मी आधी मामाला शोधायला घेतलं. म्हाताऱ्या माणसांचा पत्ता लागण्याची जागा म्हणजे पेपरातली निधन वार्ता. तिकडच्या एका दैनिकाची जुनी पानं मोबाईलवर मोठी करून मी रोज दुपारी वाचायचे. दीड महिन्यानं मामा सापडला. त्याला जाऊन अकरा महिने झाले होते.

"प्रगतशील शेतकरी बाबूराव यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, एक बहीण असा परिवार आहे. दूध संकलन केंद्राचे चालक दत्तात्रय यांचे ते वडील होत."

आईला वाचून दाखवलं. भाऊ गेल्याचं ऐकून तिनं कान माझ्या तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, "परिवाराचं परत वाच."

वाचलं.

"एक बहीण? आम्ही तर दोघी. मग कौसा गेली का काय गं?"

आपल्याला मोजलं नसेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या मनात आलं. पण तसं असेल तर मावशी जिवंत आहे, आणि तसं नसेल तर मावशी गेली. दोन्हीपैकी कशाची आशा धरावी हे मला कळेना. आठवड्याभरानं मी पिशवी भरली आणि निघाले. गावाचं नाव आणि कुणाचीही आडनावं मी इथं लिहिणार नाही. तिथं माझी माणसं राहतात, आणि त्यांचा मला कितीही राग आला असला तरी त्यांना चव्हाट्यावर आणायला मी हे लिहीत नाही.

भूम

आमच्या जळगावच्या काळ्या सपाट शिवारातून आलेल्या माणसाला भूमचा माळ आधी उघडावाघडा वाटतो. बोडक्या टेकड्या, मधूनच एखादं लिंबाचं झाड, आणि मग एकदम सखलात हिरवीगार ज्वारी, कणसात दाणा भरत आलेली. गावाबाहेर खव्याच्या भट्ट्या दिसल्या. पाणी कमी म्हणून माणसं जनावरांवर जगतात आणि दूध आटवून विकतात. लॉजवर सामान टाकलं आणि स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. पेपरला बातम्या पाठवणारे वार्ताहर तिथंच बसतात, असं चहावाल्यानं सांगितलं होतं.

अशोकराव पन्नाशीचे, कानावर पेन, अगदी अगत्यशील. बातमी दाखवली तसे म्हणाले, "व्हय, आमीच पाठवलेली. घरची माणसं चिठ्ठी आणून देतात, आमी टाईप करून पाठवतो."

"चिठ्ठी आहे तुमच्याकडे?"

"ठिवावीच लागती मॅडम. मागनं भांडणं होतात. एका जावयाचं नाव आलं, दुसऱ्याचं न्हाय आलं. मग चिठ्ठीच दाखवायची."

टेबलाखालून त्यांनी पुठ्ठ्याची फाइल काढली. बोट थुंकीनं ओलं करत करत चिठ्ठी शोधली. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई. त्यावर लिहिलं होतं: दोन मुले, तीन मुली, दोन बहिणी. आणि कंसात: थोरली मयत.

"मयत माणूस पश्चात कसं धरायचं? म्हणून मी एकच लिवली," अशोकराव म्हणाले.

त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. मी त्या कंसाकडे बघत राहिले.

"थोरली म्हणजे माझी आई," मी म्हटलं.

"अरेरे. कधी वारल्या?"

"अजून नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग उठून पेढे घेऊन आले. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नसावं. भाजक्या खव्याचा तपकिरी पेढा, कमी गोड, थोडा रवाळ. इतका चांगला पेढा मी इतक्या रागात आयुष्यात खाल्ला नसेल.

कौसामावशी जिवंत होती. त्याचा आनंद झाला, पण तो नीट होऊही देईना असा संताप वर येत होता. मग मी तो बिचाऱ्या अशोकरावांवरच काढला. बातमीत एकाही बाईचं नाव का नाही, म्हणून विचारलं. तीन मुली, सुना, बहीण, सगळ्या नुसत्या आकड्यात.

"जागा कुठं असती मॅडम पेपरात?"

मी मोबाईल पुढं केला. त्याच बातमीच्या खालच्या निम्म्या भागात अंत्यसंस्काराला कोण कोण हजर होतं त्याची यादी होती. सरपंच, माजी सरपंच, चेअरमन, कुणी युवा नेते, प्रत्येकाचं नाव आडनावासकट. "यांच्यासाठी जागा आहे की."

अशोकराव कान खाजवत म्हणाले, "ते पेपर वाचतात न्हवं."

 दुरुस्ती छापाल का, असं विचारलं. ते म्हणाले, निधनाची दुरुस्ती कोण छापत नाही. घरच्यांनी लिहून दिलं तर वरती विचारून बघता येईल. मी चिठ्ठीचा फोटो घेतला. बाहेर येऊन आईला फोन केला आणि सांगितलं, मावशी आहे, पेपरात चूक झाली होती. कंसाबद्दल सांगितलं नाही. ती फोनवरच रडायला लागली.

आईचं गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं मला एका फाट्यावर उतरवलं, आणि तो माझा फाटा नव्हता. कंडक्टरनं ऐकलं एक आणि समजलं दुसरं. तीन किलोमीटर चालले. वाटेत तुरीची कापणी चालू होती. एका बाईनं विचारलं, "कुणाकडं?" मी मामाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "ते गेले की." म्हटलं, माहीत आहे. "मग आता आलात व्हय भेटायला?" तिनं सहज विचारलं, पण मला ते लागलं.

मामेभाऊ दत्तादादा साठीचा. दारात दुधाचे कॅन धुऊन पालथे घातलेले. घर सिमेंटचं, नवं. दर्शनी भिंतीवर हार घातलेला मामाचा फोटो. आईचंच नाक. दादानं कोण, कुठून काही न विचारता आधी पाणी दिलं, खुर्ची दिली. त्या भागात ही रीत आहे. आमच्याकडे आधी दारातच चौकशी होते. मग मी म्हटलं, "मी गोदावरीची मुलगी. निर्मला."

दादाची बायको, सुरेखावहिनी, चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"गोदाआत्या..." दादा सावकाश म्हणाला. "त्या तर वारल्या लई वर्सं झाली."

"कोण म्हणालं?"

"आबा म्हणायचे." आबा म्हणजे मामा.

"आज सकाळी सातला मी तिच्याशी बोलले. तिला साखरेचा त्रास आहे, कमी ऐकू येतं. काल तिनं दोन वाट्या खिचडी खाल्ली आणि वर लोणचं मागितलं. वारलेली बाई लोणचं मागत नाही दादा."

तो जमिनीकडे बघत राहिला. माझा समज होता की त्याला धक्का बसेल. बसला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला माहीत होतं, किंवा कधीतरी कळलं होतं आणि त्यानं ते पुन्हा झाकून ठेवलं होतं.

"ताई, समजून घ्या. गावात एकदा सांगितलं व्हतं आबांनी. मग तेच चालू ऱ्हातं. मागनं कुणाला सांगायचं, न्हाय मेली म्हणून?"

"तू पेपरात लिहून दिलंस. कंसात. तुझ्या अक्षरात."

"आबांच्या शब्दाबाहेर कसं जाणार? त्यांच्याच मयताला?"

"आबांचा शब्द महत्त्वाचा, आणि एक जितं माणूस..." माझा आवाज चढला होता. शेजारचं कोणी दारात डोकावून गेलं.

दादानं खालच्या आवाजात विचारलं, "जमिनीसाठी आलाय का तुम्ही?"

आजही हे लिहिताना माझे कान गरम होतात. साठ वर्षं जिला एका पत्राचं उत्तर मिळालं नाही, तिची मुलगी साडेतीनशे किलोमीटर आली, तर ती वाटणीलाच आली असणार. दुसरं काही कारण असू शकतं हे डोक्यातच येत नाही. मी म्हटलं, "तुमची जमीन तुम्हाला लखलाभ. मला कौसामावशीचा पत्ता दे, मी निघते."

"तो न्हाय देत. रागावू नका. आत्याला बीपी हाय. हे ऐकून तिला काय झालं तर? तिला बी तेच ठावं हाय, थोरली गेली म्हणून. ऱ्हाऊ द्या तसंच."

म्हणजे मावशीलाही सांगितलं होतं. मी चहा न घेता उठले. घरचा चहा टाकून मी कधी उठले नव्हते.

वाड्या-वस्तीच्या पलीकडे गेल्यावर मागून हाक आली. सुरेखावहिनी. धापा टाकत आलेली, हातात हुरड्याची पुडी आणि शेंगदाण्याची चटणी. "उपाशी नका जाऊ ओ ताई." आम्ही बांधावर बसलो. मी नको नको म्हणत हुरडा खाल्ला. कोवळा, दुधाळ, तोंडात विरघळणारा. आमच्याकडच्या हुरड्याला ही गोडी नाही, हे जळगावकर असूनही कबूल करते.

वहिनी म्हणाली, "नंबर ह्यांच्या मोबाईलमधी हाय, मला त्यो उघडता येत न्हाय. पर आत्याला कळंबला दिलेली. तिचा मालक एसटीत कंडक्टर. करोनाच्या आदल्या दिवाळीत वारला. पेपरात आलं व्हतं, मला याद हाय. मालकाला आमी दाजीच म्हणायचो, आन आत्याला आत्या. नाव कशाला लागतंय कधी?" थोडं थांबून ती म्हणाली, "तुमच्या आईची पत्रं यायची म्हणं. माझ्या सासूनं सांगितलेलं. आबा चुलीत घालायचे. वाचायचे न्हाईत."

"तू कधी बोलली नाहीस?"

"माझं कोण ऐकतंय? त्या बातमीत मी तरी कुठं हाय? सुना म्हणून आले तेवढंच." ती हसली.

कळंब

येरमाळ्याला गाडी बदलून कळंबला पोचले. कळंब भरल्या घरासारखं गाव. मोंढ्यात ज्वारी, सोयाबीनची पोती, दुचाक्यांची दाटी, आणि खाणावळीत पांढरीशुभ्र, पातळ, मोठ्या परातीएवढी भाकरी. तसली भाकरी मोडताना आवाज होत नाही. आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा मला अभिमान आहे, पण इथं तो थोडा वेळ बाजूला ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सार्वजनिक वाचनालयात गेले, तिथं जुने अंक बांधून ठेवलेले होते. ग्रंथपालांनी करोनाच्या आदल्या वर्षातले तीन महिन्यांचे गठ्ठे टेबलावर आणून टाकले. पहिल्याच गठ्ठ्याची धूळ झाडताना माझा चष्मा पडला आणि एक काच निखळली. दुकानात जायला वेळ नव्हता. काच बोटांनी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पानं उलटायची, असा पूर्ण दिवस गेला.

तीन महिन्यांची निधनं सलग वाचलीत कधी? वाचू नयेत. आमच्याकडच्या बातमीत गंधमुक्ती, म्हणजे उत्तरकार्य, कधी ते असतं, इथं राख सावडायची वेळ असते, एवढाच फरक. बाकी साचा तोच. पुरुष गेला तर तो प्रगतशील, मनमिळाऊ, वारकरी, सेवानिवृत्त, काहीतरी असतोच. बाई गेली तर ती अमक्याच्या मातोश्री. ऐंशी वर्षं जगून, दहा माणसांचा स्वयंपाक पन्नास वर्षं करून, शेत खुरपून ती कुणाची तरी मातोश्री. एका बातमीत तर बाईचं नावच नव्हतं. "माजी उपसरपंच यांना मातृशोक", आणि खाली उपसरपंचांनी कोणकोणती पदं भूषवली ते. फोटोही त्यांचाच. मी ते पान ग्रंथपालांना दाखवलं. म्हटलं, "यात मेलं कोण, सांगा."

त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, "खरंच की ओ. रोज वाचतो, पण ध्यानात न्हाय आलं."

दुपारी चारच्या सुमाराला कंडक्टर सापडला. "एसटीचे सेवानिवृत्त वाहक विश्वनाथ यांचे निधन. पश्चात पत्नी, एक मुलगा, सून, दोन नातवंडे असा परिवार आहे. अणदूर येथील शिक्षक महादेव यांचे ते वडील होत."

पत्नी. या एका शब्दात माझी मावशी होती. साठ वर्षं आई जिच्यासाठी झुरली ती. तिच्यापर्यंत मला कोण नेणार होतं? तर शेवटच्या ओळीतला मुलगा. ज्या रीतीवर सकाळपासून दात खात होते, तिचाच आधार घ्यावा लागला, याची चीड वेगळीच. ग्रंथपालांनी चष्म्याला चिकटपट्टी लावून दिली आणि म्हणाले, "आजच नका जाऊ. सकाळच्या गाडीनं जा. मास्तर लोक दुपारच्याला घरी असतात."

अणदूर

धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग करत अणदूरला उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. अणदूर खंडोबाचं गाव. पण पानटपरीवाला म्हणाला, देव सध्या नळदुर्गाला मुक्कामी गेलाय. वर्षातले काही दिवस तिकडं, बाकी इकडं, दोन्ही गावांनी आपसात ठरवलेलं आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलंय. चौकात उभी राहून मला वाटलं, देवाची ने-आण इतक्या समजुतीनं करणारी ही माणसं. मग लेकीच्या येण्या-जाण्यालाच काय होतं?

महादेव सरांचं घर सगळ्यांना माहीत होतं. दारात सून उभी होती, सुनंदा. माहेर कर्नाटकातलं. पाहुणी दिसताच तोंडून निघालं, "बर्री, बर्री," आणि मग हसून, "या, आत या." तिला बाजूला घेऊन मी कोण ते सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. महादेवला फोन लावला. तो म्हणाला, मी येतोच, तोवर आईला काही सांगू नका.

पण मावशी ओसरीवरच बसली होती, सुपात तूर घेऊन. बारीक, ताठ, डोक्यावरून पदर. तिनं मला बोलावलंच. "कुण्या गावच्या तुमी?"

"जळगावची."

तिचा हात सुपात थांबला. "जळगावला माझी बहीण दिली व्हती. दिली म्हंजे... गेली व्हती." तूर चिवडत म्हणाली, "गोदा नाव. तुमी वळखायचा न्हाईत. लई वर्सं झाली तिला जाऊन."

महादेवची वाट बघायची होती. मला जमलं नाही. "मावशी, मी गोदावरीचीच मुलगी."

तिनं सूप खाली ठेवलं. जवळ ये म्हणून हात केला आणि दोन्ही तळवे माझ्या गालावर ठेवले. खरखरीत, तुरीच्या धुळीचे. "लेकरू मागं ठेवून गेली व्हय गं ती? आबानं सांगितलंच न्हाय लेकरू हाय म्हणून. केवढी व्हतीस तवा? कुणी वाढवलं तुला?"

मी भूमपासून रागाचीच तयारी करून आले होते. याची तयारी नव्हती.

"आईनंच वाढवलं, मावशी. आई आहे. घरी आहे. जळगावला."

 सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी. मला दादाचं बीपीचं बोलणं आठवलं. पण मावशी कोसळली नाही. ती संतापली.

"महादेवाच्या बारशाला म्या हट्ट धरला, गोदाला बोलवा. तर आबा म्हणला, ती मागल्या साली गेली. बाळंतीण बाई मी, दूध तुटलं माझं. तवापासनं दर नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालते. तिच्या सासरची आपल्या रीतीची न्हाईत, ते करतेत का न्हाय कुणाला ठावं, म्हणून मीच." पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी असते ती. माझे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि इकडे आई दर वर्षी सवाष्ण मरत होती. "आन आबा..." मावशीचा आवाज फाटला. "एका नवमीला आबा आला व्हता. पानावर बसून जेवला. गोदाच्या नावाचं जेवला, आन म्हणला, पुरण चांगलं झालंय."

 महादेव धावत आला तो हे शेवटचं ऐकतच दारात थबकला.

"लाव फोन," मावशी मला म्हणाली.

लावला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून सांगितलं, कौसामावशी बोलतेय. महादेव दबक्या आवाजात बायकोला विचारत होता, "कौसा कोण?" सत्तेचाळीस वर्षांच्या, शिकल्या-सवरल्या मास्तराला आपल्या आईचं पहिलं नाव माहीत नव्हतं. घरात, रेशनकार्डावर, बँकेत ती रुक्मिणी होती.

"कौसा?" आईचा आवाज आला. "अगं हायेस तू? पेपर वाचून मी म्हटलं गेलीस का काय."

"म्या कुठली जातीय? तूच मेली व्हतीस!"

"कोण म्हणतं?"

"आबा!"

 मग आई म्हणाली, "आणि तू ऐकून घेतलंस? बघायला आली नाहीस?"

"कुणी पत्ता दिला मला? कुणाच्या जिवावर येऊ?"

तिथंच त्या दोघी भांडायला लागल्या. बारा वर्षांची असताना कुणी कुणाची रिबीन नेली इथपर्यंत भांडण गेलं. मग एकदम भांडण थांबलं, आणि नुसता नाक ओढण्याचा आवाज येत राहिला, दोन्हीकडून. सुनंदानं फोन माझ्या हातातून घेऊन मावशीच्या मांडीवर ठेवला आणि आम्ही सगळे आत गेलो.

संध्याकाळी मावशीनं दत्तादादाला फोन लावायला सांगितलं. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तू वार्ताहराला लिवून दे, थोरली जिती हाय. गोदावरी, नावानिशी. तवर माझ्या दारात येऊ नको." आणि ठेवून दिला. हे लिहीपर्यंत दादानं लिहून दिलेलं नाही. अशोकरावांना मी दोनदा विचारलं. ते म्हणतात, घरचं कुणी आलं की बघू. मी म्हणते, मी घरचीच आहे. त्यावर ते ओशाळून हसतात.

परत

मावशी माझ्याबरोबरच निघाली. महादेव सोडायला येतो म्हणाला, पण तिनं ऐकलं नाही. म्हणाली, "इतकी वर्सं कुणीतरी नेईल म्हणून बसले, काय झालं?"

आई दारात काठी धरून उभी होती. मला वाटलं मिठी मारतील, रडतील. आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "माझ्या नावानं जेवायला काय करायचीस?"

मावशी चपला काढत म्हणाली, "पुरणाची पोळी. येळवणीची आमटी. भजी, कुरडई. आन तुला आवडायची म्हणून गवारीची भाजी, शेंगदाण्याचं कूट घालून."

"गवारीत लसूण घालायचीस?"

"सवाष्णीच्या पानात लसूण घालतेत व्हय?"

"मग कसली आवड धरलीस माझी?" आई म्हणाली. "जा, आत जा. निर्मला डाळ काढून देईल. लसूण घालून कर. मी बसते पानावर."

मावशीनं पदर खोचला. डॉक्टरांनी आईला पुरण बंद केलेलं आहे. त्या दिवशी तिनं तीन पोळ्या खाल्ल्या, आणि मी एका शब्दानं अडवलं नाही.